परवलीचा शब्द विसरला, तर?

श्रोतेहो, माणसाने आपल्याच घराच्या दारात उभे राहावे, आतून "कोण?" असा प्रश्न यावा, आणि "अहो, मीच!" एवढ्या उत्तराने भागू नये, असा प्रसंग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर आला. घर दगडविटांचे नव्हते. २००२ साली एम. ए.च्या वर्गात असताना तालुक्याच्या गावी, सायबर कॅफेत बसून उघडलेले ते माझे ई-मेलचे खाते होते. पत्ता मला पाठ होता; त्याला लागणारा पासवर्ड मात्र मी साफ विसरलो होतो.

यात इतिहासाच्या माणसाने व्याख्यान द्यावे असे काय आहे, असे कोणी विचारील. सांगतो. त्या खात्यात माझ्या गुरुजींची पत्रे होती. गुरुजी मोडी लिपीचे उत्तम वाचक. २०११ साली ते गेले. त्यांच्या मदतीने मी एका गावच्या जुन्या महजराचे वाचन करून त्यावर लेख लिहिला होता. त्या गावचा एक तरुण शिक्षक दिवाळीपूर्वी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, महजरावर निशाणी करणाऱ्यांत आमच्या पूर्वजाचे नाव तुम्ही दिले आहे. ते वाचन कशावरून?" मी म्हटले, "गुरुजींनी मला तसे कळविले होते." तो नम्रपणे म्हणाला, "ते पत्र पाहायला मिळेल का?" प्रश्न रास्त होता. वर्गात मुलांना आम्हीच सांगतो ना, की पुरावा दाखवा? पुरावा कुलपात होता आणि किल्ली हरवली होती.

किल्ली हरवली तरी कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. कॉलेजातल्या जुन्या संगणकाने तो पासवर्ड स्वतःपाशी जपून ठेवला होता. मी नुसते बटण दाबायचे की दार उघडायचे. वर्षापूर्वी तो संगणक मोडीत निघाला. यंत्राने लक्षात ठेवले, म्हणून मी विसरलो. आणि यंत्र गेले, तेव्हा दोघांचीही आठवण गेली.

पासवर्ड हा शब्द इंग्रजी असला, तरी वस्तू आपल्याला अपरिचित नाही. परवलीचा शब्द तो हाच. रात्री पहाऱ्यावरच्या माणसाने हटकावे, येणाऱ्याने ठरलेला शब्द सांगावा, आणि मग वाट मोकळी व्हावी, ही रीत फार प्राचीन. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिथे रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून एका तुकडीकडून दुसरीकडे फिरवीत, आणि ती पाटी परत पोचली की नाही याचा हिशेब ठेवीत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तो शब्द त्या रात्रीपुरता असे. आजचा शब्द उद्या निकामी. वीस वर्षे जपून ठेवायचा शब्द, आणि तोही एकट्याने, ही कल्पनाच त्या शिपायांना चमत्कारिक वाटली असती.

आणि दारावरचा नियम किती कठोर असतो, हे सांगायला आपल्याकडे रायगडाची हिरकणीची कथा आहेच. पायथ्याच्या गावची गवळण, गडावर दूध घालायला रोज येणारी. पहारेकरी तिला ओळखत नव्हते असे थोडेच आहे? तरीही दरवाजे एकदा मिटले ते मिटले, म्हणून तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरून गेली, असे लोक सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण तिच्यातले मर्म खरे आहे. दाराला माणसाची दया नसते, त्याला नियम असतो.

आता ज्याचा हक्क खरा, पण तो सिद्ध करण्याचे साधनच हरवले, अशा माणसाने काय करावे? हा प्रश्न आपल्या गावांनी शेकडो वर्षे सोडविला आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने कागदांवर चालत. कागद म्हणजे वतनदाराचा प्राण. पण स्वाऱ्या होत, आगी लागत, गाव उठून जाई, आणि कागद नाहीसे होत. मग हक्काला दुसरा कोणी हरकत घेई. अशा वेळी गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत. जाणत्या म्हाताऱ्यांच्या साक्षी होत. याचा बाप कोण, आजा कोण, मान कोणाचा चालत आला, हे विचारले जाई. साक्षी जुळल्या नाहीत, तर कधी दिव्य करण्याचीही पाळी येई. अखेर निवाडा लिहून त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. असा हा कागद म्हणजे महजर.

श्रोतेहो, यातली खुबी अशी, की गोतसभा हरवलेला कागद शोधून देत नसे. तो गेला तो गेलाच. ती फक्त एवढेच ठरवी, की हा माणूस तोच आहे. आणि मग त्याला नवा कागद करून देई. विसरलेल्या पासवर्डाचा सारा व्यवहार याच तत्त्वावर चालतो. जुना शब्द परत मिळत नाही. "मी तोच" हे पटवायचे, आणि नवा शब्द घ्यायचा.

जुना शब्द परत का मिळत नाही, याचाही एक इतिहास आहे. संगणकाला परवलीचा शब्द प्रथम लावला गेला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. तेव्हा संगणक खोलीएवढा आणि फार महागडा. फर्नांदो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी योजना केली, की एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे. म्हणजे एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे आली. मग ज्याच्या त्याच्या खोलीला कुलूप हवे, म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला.

पण सगळ्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्या होत्या! सर्वांचे शब्द जसेच्या तसे एका यादीत लिहिलेले असत. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे यंत्राचे चार तास पुरेनात. त्याने ती यादीच छापून देण्याची आज्ञा यंत्राला दिली आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली. झाले! दुसऱ्यांच्या शब्दांवर याचे काम सुरू. पुढे १९६६ साली त्याहून मोठी गंमत झाली. व्यवस्थेतली दोन माणसे एकाच वेळी दोन मजकूर दुरुस्त करीत होती, एक रोजच्या सूचनेचा आणि दुसरा शब्दांच्या यादीचा. यंत्राने त्यांची अदलाबदल केली. त्यानंतर जो कोणी यंत्र सुरू करी, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले.

यावरून शहाण्यांनी धडा घेतला, की शब्द यंत्रापाशीसुद्धा ठेवू नये. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली युक्ती आपल्या पिठाच्या गिरणीवरून समजेल. गिरणीत दाणे घातले की पीठ येते. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. यंत्र आपला शब्द घेते, दळते आणि फक्त पीठ ठेवते. पुढच्या वेळी आपण शब्द सांगितला, की तो पुन्हा दळून पिठाला पीठ जुळते का, एवढेच पाहते. शिवाय प्रत्येकाच्या दळणात चिमूटभर वेगळे मीठ टाकतात, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळे दिसते. मीठ हा शब्द माझा नव्हे बरं का. इंग्रजीतही त्या युक्तीला मीठच म्हणतात.

तेव्हा, "माझा पासवर्ड मला सांगा" अशी विनवणी करण्यात अर्थ नसतो. नीट चालविलेल्या व्यवस्थेत तो तिथल्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नसतो. उलट एखाद्या ठिकाणाहून तुमचा जुना शब्द जसाच्या तसा लिहून आला, तर समजावे की तिथे किल्ल्या अजून खुंटीलाच टांगलेल्या आहेत.

त्याच निबंधात आणखी एक मौज आहे. त्यांनी लोकांनी निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शंभरात ८६, सहज हुडकता येण्याजोगे निघाले. माणसाला लक्षात राहील असा शब्द चोराला सापडतो, आणि चोराला न सापडेल असा शब्द माणूस विसरतो. ही अडचण तेव्हाची, आणि आजचीही तीच. खुद्द कॉर्बातो २०१४ साली एका वृत्तपत्राशी बोलताना कबूल करून गेले, की पासवर्ड हे आता एक दुःस्वप्न झाले आहे, आणि आपण स्वतः ते कागदावर लिहून ठेवतो. ज्याने कुलूप केले, त्यालाही किल्ल्यांचा जुडगा सांभाळवेना!

विद्यापीठातला हा प्रश्न आपल्या दारी आला तो टपालाच्या रूपाने. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याची सोय अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केली. पत्त्यातले ते वाटोळे चिन्हही त्यांचेच. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया या भारतीय तरुणाने जॅक स्मिथ यांच्यासह अमेरिकेत हॉटमेल सुरू केले. कोणत्याही संगणकावरून, फुकट, आपले पत्र आपण वाचावे, ही ती सोय. मग तालुक्या-तालुक्याला सायबर कॅफे निघाले आणि तासाला वीस-पंचवीस रुपये देऊन आम्ही पोरे खाती उघडू लागलो.

पण फुकटच्या खात्याचा मालक कोण, हे कंपनीने कसे ओळखावे? तिथे ना गोतसभा, ना तोंडओळख. म्हणून एक गुप्त प्रश्न विचारून ठेवण्याची पद्धत पडली. त्यांतला प्रसिद्ध प्रश्न म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. अमेरिकेतल्या बँका विसाव्या शतकाच्या आरंभापासून तो विचारीत आल्या आहेत. आता पाहा, आपल्याकडे मामाचे आडनाव हे काय गुपित आहे? लग्नपत्रिकेत मामाचे नाव छापलेले असते, आणि आजोळ कोणते हे तर साऱ्या आळीला ठाऊक असते. परमुलखात शिवलेला अंगरखा आपल्या अंगाला बसत नाही, तो असा.

तिकडेही तो फार दिवस बसला नाही. २००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचे ई-मेल खाते एका विद्यार्थ्याने फोडले, ते असल्याच प्रश्नांची उत्तरे देऊन. जन्मतारीख, घराच्या टपालाचा क्रमांक, पतीशी भेट कुठे झाली, हे सारे छापील माहितीतून मिळण्यासारखे होते. आणि २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले, की अमेरिकेतील इंग्रजी बोलणाऱ्या शंभरांपैकी चाळीस जणांना गरजेच्या वेळी आपलीच उत्तरे आठवली नाहीत. म्हणजे जे चोराला कळते, ते मालकाला आठवत नाही!

माझा प्रश्न होता, "तुमच्या आवडत्या शिक्षकाचे नाव?" उत्तर मला ठाऊक होते, दुसरे कोण असणार? पण ते नाव मी तेव्हा रोमन अक्षरांत लिहिले होते. शेवटी 'ए' हे अक्षर दिले होते की नाही? मधला आकार एका 'ए'ने काढला की दोन? आडनाव आधी, की नाव? मराठी नाव देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहितात. रोमनमध्ये त्याची चार सोंगे होतात. मी तीन सोंगे काढली, तिन्ही वेळा नकार आला, आणि यंत्राने मला दिवसभर थांबायला सांगितले.

दुसरी वाट मोबाईलची. हल्ली खात्याला फोन क्रमांक जोडलेला असला, की त्यावर काही अंकांचा संदेश येतो. ते अंक घातले की दार उघडते. माझा जोडलेला क्रमांक मी कधीच सोडून दिला होता. सोडलेला क्रमांक कायमचा नाहीसा होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निदान ९० दिवस थांबून तो दुसऱ्याला देता येतो. म्हणजे माझ्या दाराची किल्ली आज कोण्या अनोळखी माणसाच्या खिशात असेल आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल.

राहिली तिसरी वाट. खाते उघडताना अर्जात एक रकाना होता : दुसरा पत्ता. २००२ साली माझ्याजवळ दुसरा पत्ता कुठला? शेजारच्या खुर्चीवर माझा वर्गमित्र बसला होता. मी त्याचा पत्ता लिहिला, त्याने माझा. तो आज दुसऱ्या जिल्ह्यात मुख्याध्यापक आहे. पण गडी सरळ, पत्ता बदललेला नाही. यंत्राने अंक त्याच्याकडे पाठविले. मी फोन करून मागितले, तर त्याने फोन ठेवून दिला! मग त्याच्या वहीतल्या माझ्या क्रमांकावर स्वतः फोन केला आणि म्हणाला, "आधी सांग, त्या दिवशी कॅफेवाल्याचे पैसे कोणी दिले?" मी म्हटले, "तू." तो म्हणाला, "बरोबर. अजून परत केले नाहीस. घे अंक लिहून."

मी हसलो, पण नंतर विचार करता वाटले, ही गोतसभाच नव्हे काय? कागद गेला होता, शब्द गेला होता. उरला होता एक साक्षीदार. त्याने मला पारखून घेतले आणि मग माझ्या वतीने निशाणी केली. त्याचे वागणे तुम्हीही लक्षात ठेवा. आज गावोगाव फोन येतात, "तुमच्या मोबाईलवर आलेले अंक सांगा." विचारणारा कोणीही असो, बँकेचा म्हणवो की सरकारचा, ते अंक सांगू नयेत. ओळखीचा आवाज असला, तरी माझ्या मित्राने केले तसे करावे. फोन ठेवावा, आपल्याजवळच्या क्रमांकावर आपण फोन करावा आणि दोघांनाच ठाऊक असलेले काही विचारावे.

दार उघडले. गुरुजींची सात पत्रे जशीच्या तशी होती. ज्या पत्रासाठी हा खटाटोप केला, ते मी अधीरपणे वाचले आणि खुर्चीत मागे टेकून बसलो. ते नाव गुरुजींनी कळविले होते खरे. पण नावापुढे प्रश्नचिन्ह होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द एकाला एक लागून येतात. तेव्हा हे वाचन तूर्त संशयित धरावे, मूळ कागद पुन्हा उजेडात पाहावा, असे त्यांनी बजावले होते. लेख छापताना ते प्रश्नचिन्ह मी गाळले. "गुरुजींनी खात्रीने सांगितले होते" असे मी इतकी वर्षे प्रामाणिकपणे मानीत आलो होतो. पासवर्ड विसरलो हे मला कळले तरी होते. प्रश्नचिन्ह विसरलो हे कळलेच नव्हते.

त्या तरुण शिक्षकाला मी पत्राची प्रत दिली आणि चूक कबूल केली. तो म्हणाला, "सर, मग मूळ महजर आपण दोघे मिळून पाहू." येत्या उन्हाळी सुट्टीत आम्ही तो पाहणार आहोत.

श्रोतेहो, एवढ्यावरून शिक्षकबंधूंना व घरच्या कर्त्या माणसांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जुने खाते असेल, तर आजच उघडून पाहा. न वापरलेली खाती कायम राहतील अशी हमी नाही. सलग दोन वर्षे न उघडलेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केला. फोन क्रमांक सोडण्याआधी तो खात्यांतून काढून नवा घाला. दुसऱ्या पत्त्याच्या रकान्यात घरच्या किंवा विश्वासाच्या माणसाचा पत्ता द्या आणि त्याला तसे सांगून ठेवा. पासवर्ड लिहायचाच, तर तो संगणकाला चिकटवू नका. घरातले दागिने, सातबारा जिथे ठेवता, तिथे त्या वहीला जागा द्या. आणि जी पत्रे, जी छायाचित्रे मोलाची असतील, त्यांची एक प्रत कागदावर काढा.

आपल्या पूर्वजांनी कागद हरवला, तर माणसांकडे धाव घेतली. आणि माणसांची आठवण चुकू नये, म्हणून पुन्हा कागद केला. दोन्ही जपावी लागतात. मी मात्र त्या सायबर कॅफेचे साडेबारा रुपये मित्राला मनिऑर्डरने पाठवावे म्हणतो. पोचपावती माझ्यापाशी राहील.